गुरांचा डॉक्टर, मुलाची ट्रायसिकल आणि तुमच्या गाडीचे झिजलेले टायर: जॉन बॉइड डनलॉपची गोष्ट



गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना मी माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर पहिल्यांदा नीट वाकून बघितले आणि पोटात गोळाच आला. मधली नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती, पण दोन्ही कडा जवळजवळ गुळगुळीत झालेल्या. टायर घेऊन पंचवीस हजार किलोमीटरही झाले नव्हते. आणि त्याच गाडीत आई-बाबांना बसवून मी पुणे-कोल्हापूर करत होतो.

मग मी सगळे करतात तेच केलं. अलाइनमेंट करून घेतली. झीज थांबेना म्हणून महिन्याभरात दुसरीकडे पुन्हा केली. पैसे गेले, कडा झिजतच राहिल्या. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी टायरवरून तळहात फिरवला आणि शेवटची हवा कधी चेक केली होती एवढंच विचारलं. मला आठवेना. त्यांनी गेज लावलं. ३२ पीएसआय हवी होती तिथे २३ निघाली. दोन्ही टायरांत.

काकांच्या टपरीवर रंग उडालेला एक पत्र्याचा बोर्ड आहे, त्यावर डनलॉप असं लिहिलंय. मला ते कायम फक्त कंपनीचं नाव वाटायचं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की डनलॉप नावाचा खराखुरा माणूस होता. तो इंजिनिअर नव्हता, गुरांचा डॉक्टर होता. आणि काकांनी सगळं सोडून आधी हवेबद्दल का विचारलं, ते मला त्याच्या आयुष्यातून समजलं.

शेतकऱ्याचा मुलगा

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन महिने आधीच जन्मला होता असं त्याला घरच्यांनी सांगितलेलं. त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे असं त्याच्या मनाने घेतलं आणि आयुष्यभर तो जपून जपूनच वागला. गंमत म्हणजे त्याला मोठं असं आजारपण कधी आलंच नाही.

एडिनबरोला जाऊन तो पशुवैद्यक शिकला आणि काही वर्षं तिथेच काम केलं. १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक इथे भावाबरोबर जनावरांचा दवाखाना चालवला, मग बेलफास्ट शहरात स्वतःचा दवाखाना थाटला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हनसनशी त्याचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

जनावरांच्या डॉक्टरची एक अडचण असते. पेशंट बोलत नाही. घोडा लंगडतोय, पण दुखतंय कुठे ते तो सांगणार नाही. डॉक्टरनेच चाल बघायची, खूर उचलून झीज बघायची, हात फिरवून सूज शोधायची आणि मग कारणापर्यंत पोचायचं. डनलॉपने जवळपास तीस वर्षं हेच केलं. टायरही बोलत नाही. आपल्या काकांनी तळहात फिरवला तो त्याच पद्धतीने, म्हणून हे लक्षात ठेवा.

अंगणातला प्रयोग

त्या काळच्या सायकलींना भरीव रबराच्या धावा असायच्या. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, त्यात मधून ट्रामचे रूळ. डनलॉपचा मुलगा जॉनी ट्रायसिकल चालवायचा आणि प्रत्येक दगडाचा धक्का थेट त्याच्या हाडांपर्यंत जायचा.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉपने यावर घरच्या अंगणातच एक उपाय करून बघितला. रबर हाताळायची त्याला आधीपासून सवय होती. त्याने लाकडाची गोल चकती घेतली, पातळ रबरी शीटची नळी केली, ती चकतीभोवती कापडाने बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

पुढे त्याने जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. आपली कल्पना चांगली आहे असं त्याने नुसतं ठरवून टाकलं नाही. त्याने मुलाच्या ट्रायसिकलचं एक जुनं चाक काढलं आणि दोन्ही चाकं त्याच अंगणात घरंगळत सोडली. जुनं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण पार करून गेलं, फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उसळी मारून परत आलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ए-बी टेस्ट म्हणतात: बाकी सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा.

मग त्याने ट्रायसिकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. तेही चाललं. मग मोठ्या सायकलवर प्रयोग केला, तिथे तर निकाल आणखी चांगला आला. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्याला पेटंट मिळालं. तेव्हा त्याचं वय ४८ वर्षं होतं.

वजन नक्की उचलतं कोण?

इथे दोन मिनिटं थांबू, कारण झिजेचं सगळं गणित या एका मुद्द्यावर उभं आहे.

भरीव टायरमध्ये वजन रबर उचलतं. डनलॉपच्या टायरमध्ये वजन मुख्यतः हवा उचलते, आणि रबर त्या हवेला फक्त धरून ठेवतं. साधा हिशेब करू. लहान हॅचबॅक गाडी माणसांसकट साधारण ११०० किलो धरा. चार चाकं, म्हणजे एका चाकावर अंदाजे २७५ किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. २७५ भागिले सव्वादोन, उत्तर येतं साधारण १२० चौरस सेंटिमीटर.

आता तुमच्या हातातला फोन बघा. सोळा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद. क्षेत्रफळ तेवढंच! म्हणजे टायर कितीही मोठा दिसला तरी रस्त्याला टेकलेला भाग एका स्मार्टफोनएवढा असतो. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं या चार फोनएवढ्या तुकड्यांवर चालतं. टायरच्या भिंतीही थोडं वजन घेतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, पण कल्पना यायला पुरेसा आहे.

हवा कमी झाली की टायर खाली बसतो आणि मधला भाग आत दबतो. मग वजन दोन्ही कडांवर येतं आणि कडा झिजतात. हवा जास्त झाली की टायर मधे फुगतो, वजन मधल्या पट्ट्यावर येतं आणि मधली नक्षी आधी जाते. भरीव टायरला ही भानगड नव्हती. डनलॉपने आपल्याला आरामाची गाडी दिली आणि सोबत एक जबाबदारीही दिली. रबर बसवून विसरता येतं, हवा विसरता येत नाही. मी नेमकी तीच विसरलो होतो.

रेस आणि हसणारे प्रेक्षक

पेटंट मिळालं म्हणून लोक लगेच विकत घेतात असं नाही. तेव्हाच्या सडपातळ सायकलींपुढे हे जाडजूड टायर विचित्रच दिसायचे. विली ह्यूम नावाचा बेलफास्टच्या सायकल क्लबचा कॅप्टन होता. असे टायर लावलेली सायकल विकत घेणारा तो पहिला ग्राहक. डनलॉपने त्याला ती रेसमध्ये उतरवायला सुचवलं.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पर्धांमध्ये ह्यूमने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांत इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला जाऊन तिथेही एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. हरलेल्यांमध्ये हार्वी डू क्रॉस या माणसाची मुलं होती. डू क्रॉस आयरिश सायकलस्वारांच्या संघटनेचा अध्यक्ष आणि पक्का व्यापारी. त्याने वेळ घालवला नाही. डनलॉपशी बोलणी करून डब्लिनमध्ये कंपनी उभी केली आणि पेटंटचे हक्क त्या कंपनीकडे घेतले. म्हणजे अंगणातली टेस्ट, मग मैदानातली टेस्ट आणि मग गुंतवणूकदार. आजचा स्टार्टअपही याच पायऱ्यांनी चढतो.

पेटंट गेलं

आणि मग धक्का बसला. पेटंट मिळाल्यावर साधारण दोन वर्षांनी डनलॉपला अधिकृतपणे कळवण्यात आलं की ते ग्राह्य धरता येणार नाही. हवेचा टायर आधीच कुणीतरी शोधला होता, आणि तोही एका स्कॉटिश माणसानेच.

त्याचं नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. डनलॉप पाच वर्षांचा असताना, १८४५ मध्ये, थॉमसनने ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. नंतर फ्रान्स आणि अमेरिकेतही घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामडं, अशी रचना. लंडनमध्ये घोडागाड्यांवर त्याने ती चालवूनही दाखवली होती. मग ती टिकली का नाही? त्या वेळी सायकल नव्हती, मोटार नव्हती आणि पातळ, चांगलं रबर महाग होतं. ज्या गाडीला या टायरची खरी गरज होती ती जन्मालाच आली नव्हती. थॉमसन १८७३ मध्ये गेला आणि त्याचं चाक लोक विसरून गेले.

डनलॉपला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने चोरी केली नाही, पण पहिला तो नव्हता हेही खरं. माझ्या मते त्याचं श्रेय यामुळे शून्य होत नाही. थॉमसनची कल्पना आधीची होती, पण रोजच्या वापरात आली ती डनलॉपमुळे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. डनलॉप हाच टायरचा पहिला शोधकर्ता असं तुम्हाला कुठे वाचायला मिळालं, तर आता दुरुस्त करता येईल.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनी तगली ती दुसऱ्यांच्या पेटंटवर. डनलॉपच्या पहिल्या टायरची मोठी अडचण अशी की तो चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढायचं आणि पुन्हा चिकटवायचं. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च आणि विल्यम बार्टलेट या दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीने काढता-घालता येणारे टायर तयार केले. कंपनीने ते हक्क मिळवले. आज तुमच्या टायरच्या आतल्या कडेला तारेची जी मजबूत कड असते आणि जी रिममध्ये घट्ट बसते, तिचं मूळ वेल्चच्या कल्पनेत आहे.

डनलॉपशिवाय डनलॉप

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, डू क्रॉसने सायकल टायरचा सगळा व्यवसाय टेरा हूली नावाच्या फायनान्सरला ३० लाख पौंडांना विकला. हूलीने संचालक मंडळावर सरदार-उमराव बसवले आणि तीच कंपनी लोकांना ५० लाख पौंडांना विकली. ज्याने फुटबॉलच्या पंपाने पहिली हवा भरली, त्याच्या पदरात यातली मोठी संपत्ती पडली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीचं नाव डनलॉप रबर झालं. ते नाव जगभर गेलं. भारतात हुगळीच्या काठी साहागंजला १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे तर हे नाव गाद्यांनाही चिकटलं. त्या फोमच्या गाद्या डनलॉप वारल्यानंतरच्या, त्याच्याशी त्यांचा काहीच संबंध नाही. साध्या काळ्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यालाही जगात अनेक ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात.

डनलॉप स्वतः डब्लिनमध्ये शांतपणे राहत होता. ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचं निमित्त झालं आणि २३ तारखेला, वयाच्या ८१ व्या वर्षी, तब्येत नाजूक समजून जगलेला हा माणूस अचानक गेला. तोवर त्याचा टायर सायकलवरून मोटारीवर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सायकलवरून मोटारीवर

मोटारीपर्यंतचा हा टप्पा फ्रान्समध्ये पार पडला. १८८९ मध्ये क्लेरमाँ-फेराँ गावात मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलवाला पंक्चर झालेला डनलॉप पद्धतीचा टायर घेऊन आला. तो दुरुस्त करायला तीन तास लागले आणि गोंद वाळायला अख्खी रात्र गेली. दुसऱ्या दिवशी थोडंसं चालवल्यावर तो पुन्हा बसला. पण त्या थोड्याशा अंतरात चालवणाऱ्याला जो आराम कळला तो पुरेसा होता. १८९१ पर्यंत मिशलँनी पटकन काढता येणारा सायकलचा टायर आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार उतरवली. टायर वाटेत वारंवार पंक्चर झाले, गाडी जिंकली नाही. पण मोटार हवेवर चालू शकते हे दिसलं.

सायकलच्या तुलनेत मोटारीत टायरवरचं वजन आणि वेग दोन्ही वाढले. वर स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे आले. म्हणून मोटारीचा टायर झिजायची कारणं हवेपुरती राहिली नाहीत. आता ती बघू.

गुरांच्या डॉक्टरसारखा टायर तपासा

गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढचा टायर आतून-बाहेरून दिसेल. फोनचा टॉर्च लावा आणि चारही टायरांचे फोटो काढून ठेवा. मग लक्षणं ओळखा.

दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग ठीक: हवा कमी. माझी केस. अलाइनमेंटचा यात दोष नाही.

मधला पट्टा झिजला, कडा ठीक: हवा जास्त. हायवेला जायचंय म्हणून पाच-सहा पीएसआय जास्त भरण्याची सवय असेल तर हेच दिसेल.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली: चाक उभ्या रेषेतून कललंय, म्हणजे कॅम्बर बिघडलाय, किंवा टो बिघडलाय. टो म्हणजे वरून बघितल्यावर दोन्ही चाकं सरळ समोर बघतात की एकमेकांकडे वळलीत. इथे अलाइनमेंट लागते.

टायरवरून तळहात एका दिशेने गुळगुळीत फिरतो आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो: हा टोचा दोष. चाक पुढे जाताना थोडं बाजूलाही घासतंय. डोळ्यांना हे उशिरा दिसतं, हाताला आधी कळतं.

जागोजागी खड्डे किंवा लाटांसारखी झीज, सोबत गुणगुणणारा आवाज: शॉकअप थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. चाक रस्त्यावर उड्या मारत चालतंय.

पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच जास्त झिजले: पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये हे व्हायचंच. टायर पुढे-मागे बदलायचे राहून गेलेत. साधारण दर आठ-दहा हजार किलोमीटरला बदला.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चारही टायरांची हवा बरोबर करा. मग गाडी जॅकवर उचलून चाक हाताने हलवून बघायला सांगा. टाय रॉड एंड, बुश किंवा बेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर आधी तो भाग बदला. मग बॅलन्सिंग. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यात गेली म्हणून समजा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, हजार-दोन हजार किलोमीटरने पुन्हा फोटो काढा आणि जुन्या फोटोशी ताडून बघा. डनलॉपने अंगणात दोन चाकं शेजारी शेजारी सोडली होती, तुम्ही दोन फोटो शेजारी ठेवा.

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा टायर थंड असताना मोजा. तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो, त्यामुळे लांबून आल्या आल्या मोजलेला आकडा फसवा असतो. आणि नक्षीच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

एक कटू गोष्टही सांगतो. कारण दुरुस्त केलं की पुढची झीज थांबते, पण गेलेलं रबर परत येत नाही. माझे दोन टायर बदलावेच लागले. जुन्या टायरांवर आई-बाबांना मी पुन्हा कोल्हापूरला नेलं नाही.

आता दर पंधरा दिवसांनी सकाळी गाडी काढायच्या आधी मी हवा मोजतो. साधं गेज आहे, दोन मिनिटांचं काम. फोन रोज चार्ज करायचं आपण विसरत नाही. फोनएवढ्याच चार तुकड्यांवर घरची माणसं बसलेली असतात, तेवढं लक्षात ठेवा.